रेड स्पेशल घरी बनवताना : कामाच्या नोंदी

१४ जून
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची ‘रेड स्पेशल’ गिटार घरी बनवायची, असं लेकीने आणि मी ठरवलंय. त्याच नमुन्याच्या तयार गिटारी बाजारात मिळतात, वाजतातही छान. पण मूळ गिटार एका घरात बापाने आणि मुलाने मिळून बनवली आणि तिचे कितीतरी भाग त्याच घराच्या कोनाड्यांतून निघाले. ते सगळं एकदा आपल्या हातांनी करून बघायचंय.

पुढे कुणी हे काम करणार असेल तर मूळ हकीकत माहीत असलेली बरी. ऑगस्ट १९६३. ब्रायन सोळा वर्षांचा, आईवडिलांचा एकुलता एक. घर लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये. हवी होती फेंडर कंपनीची गिटार, पण ती घरच्यांच्या आवाक्याबाहेरची. वडील हॅरल्ड ब्रिटनच्या विमान मंत्रालयात ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्समधले पक्के जाणकार. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनीच जोडलेला. घरातल्या एका जादा खोलीत दोघांनी बाक मांडला आणि हातच्या हत्यारांनी काम सुरू केलं. पुरी व्हायला जवळपास दोन वर्षं लागली. खर्च सुमारे ८ पौंड.

आमचा खर्च त्याच्या कितीतरी पट जाणार हे उघड आहे. पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारे चुंबकी भाग), खुंट्या आणि स्विच यांतच निम्म्याहून जास्त पैसे जातील. लाकूड, बटणं, स्प्रिंगा मात्र शक्यतो घरातल्याच वापरायच्या, असं लेकीने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय.

२३ जून
नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं लाकूड. मूळ नेक एका ओळखीच्यांनी टाकायला काढलेल्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून कापलाय. ते लाकूड तेव्हाच शंभरहून जास्त वर्षांचं होतं. आमच्याकडे जुन्या पलंगाचा महोगनीचा खांब होता. जुनं लाकूड घेण्यामागे भावना आहेच, पण कारणही आहे : ते इतकी वर्षं वाळलंय की आता सहसा पिळत नाही. नवीन लाकडाचा नेक तारांच्या ओढीखाली वर्षभरात वाकू शकतो.

रंधा मारायला घेतला आणि दुसऱ्याच हाताला पातं खळकन अडकलं. आत खिळा होता, डोकं तुटलेला, वरून काही दिसत नव्हतं. पात्याला दात पडला, तो घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. जुनं लाकूड वापरणाऱ्यांनी आधी दोऱ्याला बांधलेलं जोरदार चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवावं. खिळा असेल तिथे ते ओढलं जातं.

७ जुलै
खांबात वाळवीची नव्हे, पण किड्यांची भोकं निघाली. मूळ नेकलाही तशीच होती आणि ती ब्रायनने आगकाड्यांनी बुजवली. आम्हीही तेच केलं : काडीचं गुल तोडायचं, काडी गोंदात बुडवून भोकात ठोकायची, वाळली की पटाशीने सपाट करायची. भोक बारीक असेल तर काडी आधी पॉलिश पेपरवर फिरवून निमुळती करावी लागते. सुया, टूथपिक वगैरे करून पाहिलं. आगकाडीचं लाकूड मऊ असल्याने ते गोंद पितं आणि फुगून घट्ट बसतं, म्हणून तीच सरस.

ट्रस रॉडने मात्र रडवलं. नेकच्या आत जी लोखंडी सळई असते तिने तारांच्या ओढीला उलट जोर द्यायचा असतो. आम्ही खाच सगळीकडे सारख्या खोलीची पाडली, सळई सरळ बसवली, नट आवळला, आणि नेक जागचा हलला नाही. सळई मध्ये खोल आणि टोकांना वर अशी वाकलेली हवी. आवळल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि त्या जोराने नेक मागे जातो. मूळ सळई हॅरल्डने चुलीवर तापवून वाकवली होती. आम्ही खाच मधोमध आणखी कोरली, टोकांना लाकडाच्या पट्ट्या घातल्या, सळई तापवून वाकवली. आता नट पाऊण फेरा फिरवला की नेकवर ठेवलेल्या सरळ पट्टीखालची फट बदललेली दिसते.

या सळईचं दुसरं टोक बॉडीत जातं आणि तिथे एकच बोल्ट नेकला धरून ठेवतो. एकाच बोल्टवर सगळा भार! आधी विश्वास बसला नव्हता, जोडून पाहिल्यावर बसला.

१९ जुलै
आज ब्रायनचा वाढदिवस (१९४७). त्याच्या सातव्या वाढदिवसाला त्याला एग्मंड नावाची स्वस्तातली साधी गिटार मिळाली. त्याआधी वडिलांच्या युकुलेली-बँजोवर तो सूर धरायला शिकला होता. एग्मंडचा आवाज मोठा करायचा म्हणून त्याने चुंबकांवर तार गुंडाळून घरी पिकअप बनवला आणि तो वडिलांनी जोडलेल्या रेडिओला लावला. म्हणजे सोळाव्या वर्षी गिटार बनवायचं जे धाडस केलं त्याची तालीम घरात बरीच आधी सुरू झाली होती. लेक हे ऐकून म्हणाली, “बाबा, त्याच्या बाबांनी रेडिओ उघडू दिला, हे महत्त्वाचं.” मला पटलं.

आजचं काम : फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या खाचा. तारेची वाजणारी लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलीमीटर. फेंडरपेक्षा आखूड, त्यामुळे तारा हाताला मऊ लागतात. पहिला फ्रेट ३४.२ मिलीमीटरवर, बारावा बरोबर अर्ध्यावर ३०४.८, चोविसावा ४५७.२. प्रत्येक खूण शून्याच्या फ्रेटपासूनच मोजावी. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजला की केसाएवढी चूक चोवीस वेळा साठत जाते. पहिला फ्रेटबोर्ड असाच वाया गेला. बारावा फ्रेट जवळजवळ दीड मिलीमीटर पुढे गेला होता. ओकची नवी पट्टी घेतली.

या गिटारला शून्याचाही फ्रेट आहे. नट (इथे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, सळईचा नट नव्हे) फक्त तारांना ओळीत ठेवतो, उंची तो फ्रेट ठरवतो. आणि खुंट्या अशा लावल्यात की तार नटमधून सरळ रेषेत जाते, कुठे वळत नाही. हे दोन्ही ट्रेमोलोसाठी फार कामाचं आहे, पुढे कळेल.

४ ऑगस्ट
बटणं. फ्रेटबोर्डवरचे पांढरे ठिपके ब्रायनने आईच्या, रूथ यांच्या, बटणांच्या डबीतून घेतलेल्या शिंपल्याच्या बटणांचे केले. माझ्या आईने तिची डबी न विचारता पुढे ठेवली. बहुतेक बटणं प्लास्टिकची निघाली. शिंपल्याचं बटण ओळखायचं असेल तर ओठांना लावून बघा, थंड लागतं. आणि मागची बाजू सहसा थोडी खडबडीत, रंगाने असमान असते. एका जुन्या झंपराची पुरेशी बटणं निघाली.

शिंपला घासताना त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर वाईट. तोंडाला चांगला मास्क लावावा आणि पाण्यात भिजवूनच घासावं. ठिपक्यांची मांडणी नेहमीच्या गिटारीहून वेगळी : सातव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटवर दोन, बाराव्या आणि चोविसाव्यावर तीन.

मूळ फ्रेटबोर्ड काळ्या प्लास्टिक लेपाने रंगवलेला ओक आहे. आम्ही आधी काळा लेप दिला, मग भोकं पाडून ठिपके बसवले आणि सपाट करायला गेलो. ठिपक्यांबरोबर लेपही निघाला, प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळट कडं उमटलं. सगळं खरवडून पुन्हा. क्रम असा हवा : ठिपके बसवा, सपाट करा, मग सगळ्यावर लेप, आणि ओला असतानाच ठिपके पुसून घ्या.

१८ ऑगस्ट
बॉडीचा मधला ठोकळा ओकचा. मूळ ओक एका जुन्या टेबलाचा. बाजूचे भाग ब्लॉकबोर्डचे, त्यांच्यात पोकळ कप्पे, आणि वरखाली महोगनीचं पातळ व्हिनियर. बाहेरून भरीव वाटते, आतून अर्धी पोकळ आहे. कारण असं की बापलेकांना अँप्लिफायरसमोर गिटार स्वतःहून गुणगुणायला लागेल अशी हवी होती. फीडबॅक म्हणजे दोष समजण्याच्या काळात त्यांनी तो आधीच आराखड्यात धरला. वरच्या बाजूला एफच्या आकाराचं भोक पाडायचाही बेत होता, ते कधी पाडलंच नाही.

व्हिनियर चिकटवताना दोन ठिकाणी फुगा आला. धारदार ब्लेडने रेषेच्या दिशेने चीर दिली, इंजेक्शनच्या सुईने आत गोंद सोडला, ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली. बसला. कडेला पांढरी प्लास्टिकची पट्टी. मूळची शेल्फच्या कडेला लावायची होती.

१५ सप्टेंबर
महिनाभर ट्रेमोलोशिवाय दुसरं काही नाही. या कामात कुणी अडकणार असेल तर इथेच अडकेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रेमोलो म्हणजे ब्रिजमागची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागामागची) झुलती पट्टी. तारा तिला एका बाजूला ओढतात, स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला. दांडा दाबला की तारा सैल होतात, सोडला की परत जागेवर यायला हव्यात. त्या काळच्या बहुतेक गिटारी दोनदा दांडा दाबला की बेसूर व्हायच्या. बापलेकांनी घर्षण कुठे कुठे होतं ते शोधलं आणि एकेक जागा काढून टाकली : पट्टी स्क्रूवर न टेकवता कडक पोलादाच्या धारेवर टेकवली, ब्रिजवर तारेखाली छोटे रोलर ठेवले, नटपाशी तार सरळ नेली. धार जुन्या सुरीच्या पोलादाची. स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायच्या सळईचा, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा.

आमची पहिली धार साध्या लोखंडाची होती. आठवड्यात बोथट झाली. बोटाला कळत नव्हती, भिंगाखाली चपटी दिसली. दांडा सोडल्यावर खालची तार दर वेळी जरा चढी राहायची. साध्या लोखंडात कार्बन कमी, ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही. मग जुनी कानस घेतली. तिला लाल करून राखेत हळूहळू थंड होऊ दिली, म्हणजे ती घासण्याइतकी मऊ होते. आकार देऊन झाल्यावर पुन्हा तापवली. चुंबक चिकटायचं थांबलं की त्याहून किंचित जास्त तापवायची आणि तेलात बुडवायची. या अवस्थेत ती काचेसारखी ठिसूळ असते. आमचा पहिला तुकडा बाकावरून पडून मोडला. म्हणून लगेच ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासभर ठेवायची. गवतासारखा फिका पिवळा रंग आला की झालं.

स्प्रिंगांचंही तेच. भंगारातून आणलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की दांडा वाकला पण पट्टी हलली नाही. हलक्या तारांची एकूण ओढ तीस-पस्तीस किलोच्या आसपास असते. त्या ओढीला स्प्रिंग मधोमध तरंगली पाहिजे. बाथरूमच्या वजनकाट्यावर स्प्रिंग ठेवून हाताने दाबत किती किलोला किती मिलीमीटर दबते ते लेकीने वहीत लिहिलं आणि त्यावरून दुसरी जोडी निवडली. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं. हॅरल्डचा स्वभाव मला इथे सर्वांत जास्त जाणवला. चुकलेल्या भागाला घासून-पुसून चालवून घेणारा माणूस असता तर ही पट्टी साठ वर्षं टिकली नसती.

६ ऑक्टोबर
पिकअप. ब्रायननेही पहिले पिकअप घरी, विकतच्या एक्लिप्स चुंबकांवर बारीक तार गुंडाळून बनवले. आवाज चांगला आला, पण तार बोटाने बाजूला ओढली की सळसळ ऐकू यायची, कारण चुंबकांची टोकं तारेखाली उलटसुलट येत होती. मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक घेतले. आम्हीही एक गुंडाळून पाहिला. शिवणयंत्राच्या मोटरवर तार केसाहून बारीक, हजारो वेढे, आणि शेवटाकडे आलं की तुटायची. एक पुरा झाला, वाजला, आणि सळसळलाही. मूळ गोष्ट कानाने पटली, तेवढ्यासाठी तरी तो वेळ कारणी लागला. ट्राय-सॉनिकच्या नमुन्याचे तीन विकत आणले.

यांच्या आत तारेची गुंडाळी नुसती टेपने धरलेली असते. मोठ्या आवाजात ती थरथरते आणि पिकअप शिट्टी मारतो. ब्रायनने ते आराल्डाइटमध्ये बुडवून घट्ट केले. आम्हीही इपॉक्सीच वापरली. मेण वितळवता येतं, इपॉक्सी कायमची. ओतण्याआधी प्रत्येक पिकअपचा रोध मोजून वहीत लिहा, ओतल्यावर पुन्हा मोजा.

२० ऑक्टोबर
वायरिंगमध्ये पुरता गोंधळ. नेहमीच्या गिटारीत पिकअप समांतर असतात, इथे तिन्ही एकामागे एक साखळीत. प्रत्येकाला दोन स्विच : एक चालू-बंद, दुसरा फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटा करायचा. आम्ही सवयीप्रमाणे बंद स्विचने पिकअपची वायर तोडली, आणि एक बंद केला की सगळी गिटार मुकी. साखळीत पिकअप बंद करायचा म्हणजे त्याची दोन टोकं जोडून वाट करून द्यायची. सोल्डरचे सगळे डाग काढून परत घातले.

कोणता पिकअप कोणत्या फेजमध्ये आहे हे शोधायला काट्याचा जुना मीटर लागतो. पिकअपला लावा, स्क्रूड्रायव्हर चुंबकावर टेकवून झटकन उचला, काटा कुठे झुकतो ते बघा. तिन्हींचं नोंदवा. आकड्यांच्या मीटरवर हे धड कळत नाही. ब्रिजचा आणि मधला पिकअप एकाच फेजमध्ये, ही त्याची नेहमीची जोडी. लावली आणि लेक ओरडलीच, “बाबा, हाच आवाज!”

१० नोव्हेंबर
लेप वाळायला वेळ लागतोय. थंडीत तो चिकट राहतो. प्रत्येक थराला दोन दिवस द्या, घाई केली की खालचा थर सुरकुततो. आमचा मागच्या बाजूचा सुरकुतला, घासून पुन्हा दिला.

या रिकाम्या दिवसांत घरात एका गोष्टीवर बरंच बोलणं झालं. ज्या हॅरल्डने ही गिटार मुलासोबत इतक्या प्रेमाने बनवली, त्यांनाच मुलाने ती पोटापाण्यासाठी वाजवलेली नको होती. ब्रायन इम्पीरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकला, सूर्यमालेतल्या धुळीवर पीएच.डी. करत होता, आणि क्वीनसाठी ती मध्येच सोडली. वडिलांना ते फार लागलं. काही काळ दोघांत जेमतेम बोलणं उरलं. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीनचा कार्यक्रम होता तेव्हा ब्रायनने आईवडिलांना तिथे नेलं. कार्यक्रमानंतर वडिलांनी, आता मला कळलं, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. १९८८ मध्ये हॅरल्ड गेले आणि ब्रायन आतून कोसळला, हे त्याने स्वतः सांगितलंय. पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पुरी केली. वडील ती बघायला नव्हते.

लेकीला हॅरल्डचा राग आला. मला नाही आला. युद्ध आणि रेशन पाहिलेला, पै पै जोडून मुलाला शिकवणारा माणूस घाबरणारच. तिचं म्हणणं, ज्याने एवढं शिकवलं त्याने मुलावर विश्वासही ठेवायचा. आमचं एकमत झालेलं नाही, आणि ते व्हायलाच हवं असंही नाही.

याच फेल्टममध्ये १९६४ साली बलसारा कुटुंब झांजिबारहून येऊन राहिलं. पाचगणीच्या शाळेतून शिकून गेलेला त्यांचा फारुख, पुढचा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, ब्रायनच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर राहत होता, आणि तेव्हा दोघांची ओळख नव्हती.

८ डिसेंबर
तारा चढवल्या. वाजते. फ्रेटबोर्डाच्या चौदाव्या फ्रेटवर एक तार खणखणत होती. तो फ्रेट पुरता ठोकला गेला नव्हता, रबरी हातोडीने बसवला. दांडा जोरात दाबून सोडला की पाच तारा जागेवर येतात, तिसरी किंचित खाली राहते. नटच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासल्यावर बरीच सुधारली.

तार छेडायच्या प्लेक्ट्रमऐवजी ब्रायन सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. कडेच्या खाचांमुळे तारेवर खर्रकन आवाज येतो, आणि नाणं वाकत नसल्याने बोटांना तारेची खबर लागते. आम्ही मिळवलेल्या नाण्याने लेकीची पहिली तार लगेच तुटली, आणि तार तुटताच ब्रिजवरचा रोलर उडून कपाटाखाली गेला. ते रोलर फक्त तारेच्या दाबाने जागेवर असतात. मूळ गिटारलाही हीच खोड आहे. तारा बदलताना एका वेळी एकच काढा, खाली टॉवेल पसरा, आणि दोन-तीन रोलर जास्तीचे करून ठेवा.

राहिलेली कामं : मधल्या पिकअपचा फेज स्विच अजून खरखरतो, तो उघडून साफ करायचाय. दांड्याच्या टोकाला सध्या काही नाही. आईने विणायची सुई काढून ठेवलीय, पण तिचा स्वेटर अर्धा झालाय, तो पुरा झाल्यावर कापू.